मुद्दा क्रमांक सात

हार्यूवेसी नगरपरिषदेचं इतिवृत्त
एकोणीस वर्षं मीच लिहिते आहे.
कोण काय बोललं ते लिहायचं,
कोण कसं बोललं ते नाही,
असा नियम.

नोव्हेंबर. साडेतीनलाच खिडक्या काळ्या.
कॉफीचा दुसरा थर्मास.
मुद्दा क्रमांक सात : युवा आराखडा, पाच वर्षांसाठी.
गुळगुळीत कागद. मुखपृष्ठावर
चार हसरी मुलं, कुठूनशी विकत घेतलेली,
त्यांच्या पाठीमागे नारळाचं झाड.
आमच्याकडे झाड म्हणजे पाइन, नाहीतर बर्च,
आणि एवढे दात दाखवून हसायला
आम्हाला निदान पाच वर्षांची ओळख लागते.

पान अकरावर आलेख.
सोळा ते वीस वयोगट.
रेघ डावीकडून निघते
आणि सगळा उतार उतरून
उजव्या कोपऱ्यात जाऊन बसते,
पंगतीतून उठवलेल्या माणसासारखी.

टेबलाच्या टोकाला सेन्या.
युवा परिषदेची. वय सोळा.
तिला बोलायचा अधिकार आहे, मताचा नाही.
समोर नावाची पाटी आहे, पण पुठ्ठ्याची;
बाकीच्यांच्या पितळी.
मुलं बदलत राहतात, असं कार्यालयाचं म्हणणं.

ती म्हणाली, आराखडा छान आहे.
(इथे बरेच जण खुर्चीत सैलावले. हे लिहिलं नाही.)
ती म्हणाली, यात 'सहभाग' चाळीस वेळा आहे, मी मोजलं.
'बस' एकदाही नाही.
तोर्वेलाची शेवटची बस पाच चाळीसला सुटते.
युवाघर उघडतं
सहाला.

रेइयो खाकरला. लाकडाच्या वखारीचा मालक,
माणूस वाईट नाही,
तीन मुली, तिघीही दूर दक्षिणेत,
नाताळात दोन दिवस येतात.
म्हणाला, "बस देऊ गं, बाळ.
पण शेवटी तुम्ही जाणारच ना?"

"हो," सेन्या म्हणाली, "जाणारच.
पण तोवर
मंगळवारी रात्री घरी तर पोचू द्या."

रेडिएटर टकटकत राहिला.
रेइयो चष्मा पुसत होता, चांगला स्वच्छ चष्मा.
मी लिहिलं :
युवा प्रतिनिधींनी वाहतुकीच्या प्रश्नाकडे लक्ष वेधले.

ठराव : प्रायोगिक तत्त्वावर, आठ आठवडे,
दर मंगळवारी रात्री नऊ दहाची एक फेरी.
प्रवासी पाचाहून कमी आढळल्यास बंद.
हा पाच कुठून आला, कुणी विचारलं नाही.
मीही नाही.
विचारायचा मला अधिकार नाही,
मला फक्त लिहायचा.

जानेवारीतला पहिला मंगळवार, उणे एकवीस.
थांब्यावर सेन्या,
तिचा भाऊ, पाठीवर त्याच्याहून मोठी बास गिटार,
आणि एक मुलगी, जिचं नाव मला अजून माहीत नाही.
तीन.
मी शेजारच्या हिल्क्काला सोबत आणलं होतं.
हिल्क्का बहात्तरची. तोर्वेलात तिचं कुणी नाही.
माझंही नाही.
सेन्याने आमच्याकडे पाहिलं,
काही बोलली नाही. बोलायचा अधिकार असून.

कालेर्वो गाडी सुरू करण्याआधी
वहीत रेघा ओढतो :
चार उभ्या, एक आडवी.
वयाचा रकाना त्याच्या वहीत नाही.

मग चाळीस मिनिटं नुसतं जंगल,
दिव्यांच्या झोतात बर्फ,
मागच्या बाकावर तिघांचं कशावरून तरी खिदळणं,
आम्ही वळून पाहिलं की थांबणारं.
तोर्वेलाला ती उतरली.
गिटार वाटेवरून डुलत गेली,
एका घराचा दिवा लागला.

परतताना बस रिकामी, आम्ही दोघी.
हिल्क्का म्हणाली,
पुढच्या मंगळवारी घोंगडी आणू या,
पाय गारठतात.
अजून सात आहेत ना?

सात, मी म्हटलं.
हे कुठल्याच इतिवृत्तात नाही.